माझ्याजवळ रात होती

रविवारी सातला दुधनेच्या पात्रात या, म्हणाले,
फावडं आम्ही देतो.
सातला माझी ड्युटी सुटती,
आठला भाकर, नऊला डोळे मिटतेत.
तरी गेलो एकदा.
फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून
उभ्यानं झोपलेला माणूस,
ग्रुपच्या फोटोत डावीकडून तिसरा,
तो मी.

रक्त द्यायला गेलो. बाईनं बोट टोचलं,
काका, तुमचंच तुम्हाला पुरंना, म्हणाली.
बिस्किटाचा पुडा मात्र दिला.

वृद्धाश्रमात सांगितलं, दुपारी या, नुसतं बोलत बसा.
बसलो. खुर्ची प्लास्टिकची, वर पंखा.
जागा झालो तर अंगावर चादर
आणि समोर धोंडोपंत आजोबा, ब्याऐंशी वर्षांचे,
माझ्या तोंडावरच्या माशा हाकायलेले.
सेवा कोणी कोणाची केली
ते रजिस्टरात कसं लिहावं, मॅनेजरला सुचंना.

मंडळी म्हणाली, झाली की आता हौस.
ज्याच्या बुडाखाली गाडी, ज्याच्या हाती दिवस,
त्यानं करावं असलं.
तिचं काय खोटं होतं?
मुंजाजी कच्छवे, बारावी पास, जिनिंगचा वॉचमन.
जवळ एक सायकल, एक बॅटरी, एक बांबू
आणि रात.
रात मात्र बख्खळ.
दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गंजी,
ठिणगी पडू नये म्हणून जागायचं.
होळीनंतर रिकामं पत्र्याचं शेड,
त्यात चोरायला काय, तर वारा.
तवाही जागायचंच. पगार जागण्याचा.

मग काट्यावरचा पोरगा एका संध्याकाळी म्हणाला,
परभणीला एक मुलगी हाये, तिला दिसत नाही,
बी.ए.ला इतिहास घेतलाय,
पुस्तकं फोनवर वाचून पाठवणारा पाहिजे.
कधी वाचायचं? म्हणलं.
कधीबी. रात्री पाठवलं तर बरंच,
ती पहाटं ऐकती.

मी तीनदा इचारलं. रात्री?

तवापासून काट्याच्या केबिनीत
पंखा बंद, दार लोटलेलं,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
मी जुन्या राजांपाशी बसायलो.
पहिल्या दोन रात्री आपलाच आवाज ऐकून लाजलो.
कुत्रं तेवढं कान टवकारून बसायचं,
त्याला सनावळीत काय गोडी होती कोण जाणे.

पहाटं तिचा आवाज यायचा, फरजानाचा.
काका, सातवाहन. सातवान नाही.
काका, आकडे हळू, सन पळायलेत तुमचे.
काका, नकाशाचं पान सोडलंत का?

सोडलं होतं.
नकाशा कसा वाचावा माणसानं?
दुसऱ्या रात्री पानावर बोट ठेवून सांगितलं,
हे बघ, परभणीच्या स्टँडवर उभी राहा,
तिथून खाली गंगाखेडला उतर,
मग गंगेच्या काठानं उलटी चाल,
पाणी समोरून येऊ दे,
चालतच राहा, पैठण येतं.
किती दिवस लागतील, काका?
हसली होती की खरंच इचारत होती,
फोनवर कळलं नाही.
मी आपलं सांगितलं, आठ-धा.

पावणेदोनला मालगाडी जाती,
केबिनीचा पत्रा थरथरतो.
तेवढं पुसून मी परत वाचायचो.
एकदा पुसायचं राहिलं.
सकाळी माफी मागितली.
राहू द्या गाडी, म्हणाली.
गाडी गेली की कळतं मला,
धडा निम्मा झाला
आणि तुम्ही अजून जागे आहात.

इतिहास संपला. आता अर्थशास्त्र,
त्यात तक्तेच तक्ते.
ऑफिसच्या कपाटावर घड्याळ आहे,
पावणेदोन कवाच वाजून गेले,
गाडी आली नाही अजून.
फोन चालूच ठेवलाय.
पानावर बोट ठेवून
बसलोय.